कपाटातून काढलेला फोटो

नाटक लोक पहिल्या रांगेतून पाहतात, बाल्कनीतून पाहतात, काही मान्यवर मागच्या खुर्चीवर मान टाकून झोपेतूनही पाहतात. मी एक सबंध नाटक कपाटात बसून पाहिलं आहे. तेही रंगमंचावरच्या कपाटात, शेजाऱ्यांच्या लोकरी कोटांच्या मधोमध, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत, मांडीवर कॅमेरा ठेवून. तिथून नाटक कसं दिसतं असं कुणी विचारलं, तर माझं प्रामाणिक मत असं आहे की नटांच्या पाठीकडे रंगभूमीने फार दुर्लक्ष केलेलं आहे.

हे सगळं सुरू झालं एका फोटोवरून. म्हणजे नसलेल्या फोटोवरून.

माझे सासरे एका हौशी नाट्यमंडळात तरुणपणापासून कामं करतात. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं आपसातलं अहो-जाहो नुकतीच इस्त्री केल्यासारखं कडक आहे. बाबांची कामं म्हणजे नोकर, पोस्टमन, पोलीस आणि एकदा नुसताच ‘बाहेरून आवाज’. मंडळाच्या आल्बममध्ये बाबा आहेत, पण तुकड्यातुकड्यांनी. एका फोटोत चहाचा ट्रे आणि तो धरणारे दोन हात. एका फोटोत पत्रांची पिशवी आणि अर्धा खांदा. पोलिसाच्या फोटोत ते पूर्ण आले आहेत, पण टोपीची सावली थेट हनुवटीपर्यंत पडल्यामुळे तिथे पोलीस आहे की नुसता गणवेश वाळत घातलाय हे सांगता येत नाही. सगळे तुकडे जोडले तर एक सबंध नट तयार होईल. फक्त त्याला तोंड नसेल.

अशात मंडळाचे कायमचे नायक, जे गेली कित्येक वर्षं प्रत्येक नाटकाच्या शेवटी खुर्चीत बसून मरत असत, ते मुलीकडे परगावी राहायला गेले. मरायला माणूस उरला नाही. दिग्दर्शकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाबांना प्रमुख भूमिका दिली. दोन अंकी, गंभीर, कौटुंबिक नाटक. शेवटी खुर्चीत बसून मोठं भाषण आणि भाषणाच्या अखेरीस मृत्यू. प्रयोग एकच, कारण सभागृह एकाच संध्याकाळी मिळत होतं.

बाबा आमच्याकडे आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘जावईबापू, मला एक फोटो पाहिजे. रंगमंचावरचा. तोंडासकट.’’

‘‘त्यात काय, काढू की.’’

‘‘असं ‘त्यात काय’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी आजवर माझे ट्रे काढलेत.’’

माझ्याकडे हे काम येण्याचं कारण असं, की मी पाणीपुरवठा खात्यात आहे आणि गळक्या नळांचे फोटो फायलींना जोडण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. माझ्या फोटोतला नळ खरोखर गळतो असं आमचे साहेब म्हणतात. एकदा तर फाइल उघडल्यावर त्यांनी टेबल पुसलं होतं. पण नळ आणि नट यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मला कोणीही सांगितला नव्हता. नळ कॅमेऱ्याकडे बघत नाही.

मंडळाचे दिग्दर्शक दिवसा दंतवैद्य आहेत, त्यामुळे तालमी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होतात. भिंतीवर किडलेल्या दाढांची रंगीत चित्रं, खाली चार खुर्च्या म्हणजे दिवाणखाना, आणि एखादा उशिरा आलेला पेशंट गालावर हात ठेवून कोपऱ्यात बसलेला. शोकांतिकेला याहून चांगलं वातावरण मिळणार नाही. दिग्दर्शक नटांचा आवाज सुटावा म्हणून ‘‘आ करा, अजून मोठा, जीभ खाली’’ अशा सूचना देत. नायकाच्या मुलाचं काम एका बँकेतले रोखपाल करत होते आणि सुनेचं काम शाळेतल्या भूगोलाच्या बाई. बाईंना कुठलंही वाक्य नकाशावर काठी ठेवल्यासारखं बोलायची सवय होती.

बाबा छान बोलत होते. ‘‘बाळा, या घराच्या भिंती मी माझ्या या हातांनी...’’ असं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

बाबा थांबले.

हात वर, छाती पुढे, हनुवटी उचललेली, नजर थेट माझ्या भिंगात. पापणीसुद्धा हलेना. मला वाटलं, काय सुंदर विराम घेतला! पुस्तक धरून बसलेल्या गृहस्थांना वाटलं, वाक्य विसरले. ‘‘रंगवल्या,’’ ते कुजबुजले. बाबा ढिम्म. ‘‘रंगवल्या आहेत!’’ ते ओरडले. कोपऱ्यातल्या पेशंटने घाबरून गालावरचा हात काढला.

बाबांनी ओठ न हलवता, तोंडाच्या कोपऱ्यातून मला सांगितलं, ‘‘काढा की.’’

मी बटण दाबलं. खट् आवाज झाला. बाबांनी श्वास सोडला आणि ‘‘रंगवल्या आहेत!’’ म्हणून पुढे चालू पडले.

हे त्या तालमीत परत परत झालं. कॅमेरा वर गेला की बाबा पुतळा, खट् झालं की बाबा माणूस. रोखपालांचा गळा दाटून यायचा, नेमका तेव्हाच बाप दगड होऊन जायचा.

‘‘बाबा, हल्ली थांबावं लागत नाही,’’ मी समजावलं. ‘‘तुम्ही बोलत राहा. कॅमेरा पकडतो.’’

‘‘पकडतो म्हणजे? मी काय पळून चाललोय? फोटो काढून घेताना हलायचं नाही आणि श्वास घ्यायचा नाही. आम्हाला तसं वळण आहे.’’

‘‘पण नाटक चालू असताना...’’

‘‘तुमच्या कामाचा मान राखतोय, जावईबापू, तर तुम्ही मलाच शिकवा.’’

घरी आल्यावर हिने ते फोटो पाहिले. एकामागून एक पाहिले आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला. ‘‘अहो, हे नाटक करताहेत का परवाना काढायला रांगेत उभे आहेत?’’

‘‘तुझ्याच वडिलांचं वळण आहे.’’

‘‘मला ते एकदा तरी खरंच काम करताना दिसले पाहिजेत. इतकी वर्षं आई असताना ती म्हणायची, ‘घरात काय अभिनय करतात, तो कुणीतरी टिपा रे.’ ते काही नाही. त्यांना कॅमेरा दिसताच कामा नये.’’

हे वाक्य बोलायला सोपं होतं. ते अमलात आणण्यासाठी मी सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे गेलो.

व्यवस्थापक एका लांबलचक टेबलामागे बसले होते. टेबलावर काहीही नव्हतं; कामाचा निपटारा झाल्यामुळे नव्हे, तर ते पुसायला घेतलं होतं म्हणून. मी म्हणालो, ‘‘प्रयोगाच्या वेळी फोटो काढायचेत. तसा अर्ज दिला होता.’’

‘‘अर्ज पोचला. नामंजूर करायचाय. पण जरा वेळ द्याल की नाही?’’

‘‘नामंजूर का?’’

‘‘प्रेक्षकांनी प्रेक्षागृहात छायाचित्रण करू नये असा नियम आहे.’’

‘‘मी प्रेक्षक नाही, फोटोग्राफर आहे.’’

‘‘फोटोग्राफरसाठी राखीव जागा आहे. डाव्या खांबामागे.’’

‘‘तिथून रंगमंच दिसतो का?’’

‘‘खांब चांगला दिसतो.’’ मग त्यांना माझी दया आली असावी. पुसलेल्या टेबलावर त्यांनी बोटाने एक रेघ काढली. ‘‘हा पडदा. याच्या अलीकडे माझी हद्द. पलीकडे मंडळाची. पलीकडे तुम्ही फोटो काढा, पोहा, पतंग उडवा, मला देणंघेणं नाही. पण अलीकडे कॅमेरा दिसला तर मी वीज बंद करीन.’’

‘‘संपूर्ण?’’

‘‘नियमात अर्धवट वीज बंद करण्याची तरतूद नाही.’’

म्हणजे मला फोटो काढायचा असेल तर पडद्याच्या पलीकडे, रंगमंचावरच असायला हवं होतं, आणि बाबांना दिसायला तर नको होतं. हे कोडं मी दिग्दर्शकांपुढे ठेवलं. त्यांच्या हातात तेव्हा एका पेशंटची दाढ होती, पेशंटसकट. त्यांनी मान न वळवता सांगितलं, ‘‘दिवाणखान्यात एक कपाट ठेवू. तुम्ही आत बसा. दार किलकिलं ठेवा. दुखतंय का?’’ शेवटचा प्रश्न पेशंटला होता, पण मीही ‘थोडंसं’ असं म्हणालो.

कपाट आमच्या शेजाऱ्यांकडे होतं. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि इमारतीत त्यांना सगळे हवामानखाते असंच म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी कपाट द्यायचं कबूल केलं, पण आतले लोकरी कोट काढायला नकार दिला. ‘‘कोट हलवले की घड्या मोडतात. तुम्ही त्यांच्यात बसा. आणि दाराला भोकबीक पाडायचं नाही. वडिलांचं कपाट आहे.’’

‘‘नाही पाडत.’’

‘‘उजव्या दाराची बिजागरी सैल आहे. हळू उघडायचं. आणि एक सांगून ठेवतो, बंद जागेत माणूस बसला की बाष्प साठतं. तुमच्या भिंगावर दव पडणार.’’

नोकरीच्या सबंध काळात यांचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. सरासरीचा नियम कधीतरी त्यांच्याही बाजूने वळेल हे मला सुचायला हवं होतं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे विमेवाले येऊन म्हणाले, ‘‘कपाटात गुदमरणं हा अपघात धरत नाहीत हं, तो निष्काळजीपणा होतो.’’ तळमजल्यावरच्या वहिनींनी कॅमेऱ्याचा आवाज दबावा म्हणून त्याला घालायला एक लोकरी पायमोजा विणून दिला. भिंग बाहेर यावं म्हणून त्यांनी टाच मोकळी सोडली होती. आपल्याकडे कलेला आश्रय नाही असं म्हणणाऱ्यांनी तो मोजा पाहायला हवा होता.

आता बाबांना काय सांगायचं? काहीच न सांगता निभलं असतं. पण ही म्हणाली, ‘‘फोटो निघणार नाही असं वाटलं तर ते खचतील,’’ म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. मी म्हणालो, ‘‘बाबा, फोटो निघणार. कुठून ते विचारू नका.’’

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘बरं,’’ एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात पुढचा सगळा पहिला अंक होता.

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रेक्षक यायच्या आत मला कपाटात बसवण्यात आलं. डाव्या खांद्यावर तपकिरी कोट, उजव्या खांद्यावर करडा कोट, डोक्यावर कुणाची तरी लोकरी बाही. मांडीवर मोजा घातलेला कॅमेरा. दाराच्या फटीतून मला खुर्ची, टेबल, फुलदाणी आणि त्यापलीकडे बंद पडदा दिसत होता. मग तिसरी घंटा झाली, पडदा सरकला आणि पलीकडे पहिली रांग दिसली. पहिल्या रांगेत ही होती आणि हिच्या शेजारी हवामानखाते. हिची नजर विंगेवर खिळलेली, त्यांची नजर कपाटाच्या बिजागरीवर. आणि बाबा आले.

काय आले! पांढरे केस, हातात काठी, पाऊल जड. सभागृह एकदम गप्प झालं. बाबा टेबलापाशी आले, पहिलं वाक्य बोलले, ‘‘सूनबाई, आज घरात कोणी यायचं आहे का?’’ आणि बोलता बोलता त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

पुस्तकात टेबलाखाली वाकणं नव्हतं.

‘‘नाही बाबा,’’ भूगोलाच्या बाई नकाशातला समुद्र दाखवावा तशा म्हणाल्या, ‘‘कोणीच नाही.’’

‘‘मला उगीचच वाटतं,’’ बाबा म्हणाले, हे वाक्य पुस्तकात होतं, आणि त्यांनी फुलदाणी उचलून आत डोकावून पाहिलं. मग दिव्याची टोपी. मग पडद्याची घडी. रोखपाल वडिलांची इस्टेट विकण्याविषयी कळवळून बोलत होते आणि वडील त्यांच्याच पाठीमागे जाऊन त्यांच्या कोटाचं शेपूट उचलून बघत होते. कॅमेरा कुठून रोखला आहे हे कळल्याखेरीज स्थिर कुठल्या दिशेला राहायचं, ही त्या सज्जन माणसाची अडचण होती. प्रेक्षकांना त्याची काय कल्पना! पहिल्या रांगेतून कुणीतरी हळहळल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. ‘‘म्हातारपण! काय हरवलंय तेच आठवत नाही बिचाऱ्याला. काय सूक्ष्म काम आहे!’’

सूक्ष्म कामाची मला फक्त पाठ दिसत होती. पाठ, वाकलेली पाठ, अधिक वाकलेली पाठ. मी कॅमेरा फटीला लावला. भिंगावर दव पडलं होतं. हवामानखात्याच्या पहिल्याच खऱ्या अंदाजाचा मान माझ्या भिंगाला मिळाला होता. मी करड्या कोटाच्या बाहीने भिंग पुसलं. बाहीतली डांबराची गोळी सुटून कपाटाच्या तळावर टपकन पडली आणि गडगडत गेली.

बाबा वळले.

कपाटाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. ते सरळ चालत आले. उजव्या दाराला हात घातला आणि ते खसकन उघडलं.

‘‘हळू! बिजागरी!’’ पहिल्या रांगेतून हवामानखात्याची किंकाळी आली.

दार बिजागरीसकट निखळलं आणि बाबांच्या हातात राहिलं. सभागृहाला दिसलं ते असं: एक म्हातारा, हातात कपाटाचं दार, समोर कोटांच्या रांगेत बसलेला एक मध्यमवयीन गृहस्थ, आणि त्याच्या मांडीवर मोजा.

मी मोजा वर केला. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात ती हीच. बाबांनी टाचेतून डोकावणारं भिंग पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. दार छातीशी धरून, हनुवटी वर, श्वास बंद.

मी बटण दाबलं. काही झालं नाही. बाबा इतके जवळ होते की कॅमेऱ्याला त्यांचं नाक नेमकं कुठे संपतं हे ठरवता येईना, आणि ते ठरल्याखेरीज फोटो काढणार नाही असा त्याचा बाणा. मी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. तो आपला आतल्या आत घरघर करत विचारात पडलेला.

बाबा श्वास घेईनात. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग गाल लाल झाले.

‘‘बाबा...’’ रोखपालांना काहीतरी बोलणं भाग होतं. ‘‘बाबा, कपाटात कोण आहे?’’

बाबा बोलू शकत नव्हते.

‘‘मला वाटलं,’’ भूगोलाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुम्ही ओळखता.’’

बाबांचा रंग आता जांभळ्याकडे झुकला होता. पहिल्या रांगेत ही अर्धी उठून उभी राहिली होती. हातातला कॅमेरा खट् करायला तयार नाही आणि खट् झाल्याखेरीज सासरे श्वास घ्यायला तयार नाहीत. अशा वेळी जावयाने काय करावं? मी तोंडाने म्हणालो, ‘‘खट्.’’

शांत सभागृहात ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बाबांनी फुस्सकन श्वास सोडला, दार कपाटाला टेकवून उभं केलं, आणि ‘‘रंगवल्या आहेत या भिंती मी!’’ असं म्हणत टेबलाकडे निघून गेले. कडाडून टाळ्या पडल्या. पहिला अंक संपला.

मध्यंतरात दिग्दर्शक पडद्यामागून आले. मी उठायला लागलो तर त्यांनी मला खांद्याला धरून परत कोटांत बसवलं.

‘‘कुठे निघालात?’’

‘‘घरी.’’

‘‘आता जाऊन कसं चालेल? पहिल्या अंकात कपाटात माणूस होता, दुसऱ्यात नाही, तर प्रेक्षक विचारतील ना कुठे गेला म्हणून. बसून राहा. काही करू नका.’’

‘‘पण मी या नाटकात आहे कोण?’’

‘‘ते आपण ठरवायचं नसतं,’’ दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले. ‘‘ते समीक्षक ठरवतात.’’

दुसरा अंक मी उघड्यावर बसून पाहिला. बाबांना आता कॅमेऱ्याची दिशा कळली होती, त्यामुळे ते मुलाशी बोलताना कपाटाकडे बघत, सुनेशी बोलताना कपाटाकडे बघत, आणि मी नाक खाजवायला हात उचलला तरी हनुवटी वर करून तयारीत राहत. नाटक अडकतंय हे पाहून मी कॅमेरा तपकिरी कोटाखाली सरकवला आणि दोन्ही हात, शाळेतल्या मुलाने ठेवावेत तसे, सगळ्यांना दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले. बाबांनी काही वेळ माझ्या हातांकडे संशयाने पाहिलं. मग हळूहळू ते मला विसरले.

खरंच विसरले. शेवटच्या खुर्चीत ते बसले तेव्हा त्यांना कपाट दिसत नव्हतं, कॅमेरा आठवत नव्हता. दिवे मंद झाले, एकच झोत त्यांच्यावर राहिला, आणि त्यांनी ते भाषण सुरू केलं. ‘‘मी जातो आहे, याचं मला दुःख नाही. या घराने मला कधी नीट पाहिलं नाही, याचं आहे...’’ आवाज असा खालून, पोटातून आला की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस इतकी वर्षं ट्रे घेऊन उभा होता? पहिल्या रांगेत ही रडत होती. हवामानखातेसुद्धा दाराकडे बघायचं सोडून बाबांकडे बघत होते.

हाच तो क्षण, मला वाटलं. आत्ता नाही तर कधीच नाही. मी कोटाखाली हात घातला. मोजा काढला. अगदी हळू, श्वास रोखून, कॅमेरा छातीपर्यंत आणला.

बाबांना डोळ्याच्या कोपऱ्यातून ती हालचाल दिसली.

‘‘...आणि म्हणून, मुलांनो, जाण्याआधी मला एवढंच सांगायचं आहे की...’’ एवढं म्हणून त्यांनी उजवा हात वर नेला आणि थांबले. हनुवटी वर. श्वास बंद.

‘‘हे घर,’’ आतून कुजबुज आली. बाबा गप्प. ‘‘हे घर!’’ पुस्तकवाले जवळजवळ ओरडले. बाबा गप्प. रोखपालांनी बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळभर सोसलं होतं त्यांनी. त्यांनी असा विचार केला असणार की नाहीतरी हे मरणारच आहेत. त्यांनी धाडकन गुडघे टेकले आणि ‘‘बाबा! गेलात हो बाबा!’’ म्हणून टाहो फोडला. बाई पाठोपाठ रडू लागल्या. रडणं सुरू झालं की पडदा ओढायचा, एवढंच पडदेवाल्याला सांगून ठेवलेलं होतं. त्याने ओढला.

पलीकडे टाळ्यांचा पाऊस पडत होता. अलीकडे बाबा खुर्चीतून उठले.

काठी फेकली. सरळ माझ्याकडे आले. केस विस्कटलेले, डोळे पेटलेले, आणि एक बोट माझ्या नाकावर रोखलेलं.

‘‘अरे, तू माणूस आहेस का कोण आहेस?’’

लग्नानंतर पहिल्यांदा मी ‘तू’ झालो होतो.

‘‘बाबा, मी फक्त...’’

‘‘गप्प बस! जन्मभर मी दुसऱ्यांना चहा नेऊन दिला. जन्मभर ‘साहेब, पत्र आलंय’ म्हणालो. एक भाषण! एक भाषण मिळालं मला, आणि ते तू गिळलंस! रात्र रात्र आरशापुढे घोकलेलं! तुझ्या त्या नळांना घेऊन जा आणि त्यांचे फोटो काढ!’’

मी कपाटात जितकं मागे सरकता येईल तितकं सरकलो. कॅमेरा छातीशी घट्ट धरलेला होता, आणि भीतीने आवळलेलं माझं बोट बटणावर होतं, हे मला नंतर कळलं. खट् खट् खट् खट्, कॅमेरा वाजत सुटला. बाबा थांबले नाहीत. पापणीही थांबली नाही. त्यांना ते ऐकूच आलं नाही.

आणि तेवढ्यात, सगळ्यांनी अभिवादनाला उभं राहायचं म्हणून, पडदेवाल्याने पडदा पुन्हा उघडला.

सभागृहाने पाहिलं: आत्ताच मेलेले गृहस्थ उठून कपाटातल्या माणसावर ओरडताहेत. टाळ्या एकदम बंद झाल्या. बाबांना तेही कळलं नाही. ‘‘ऐक आता!’’ ते गरजले. ‘‘आता ऐकूनच घे! हे घर विटांचं नव्हतं रे! हे घर माझ्या गप्प बसण्याचं होतं...’’ आणि शिव्या कुठे संपल्या, भाषण कुठे सुरू झालं हे मलाही कळलं नाही. ते सगळं भाषण त्यांनी माझ्या तोंडावर, माझ्या कपाटात, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. मग दमून वळले, खुर्चीपर्यंत गेले, बसले, आणि दुसऱ्यांदा मेले. या वेळी वेळेवर.

सभागृह उभं राहिलं. व्यवस्थापकसुद्धा खांबामागून बाहेर आले होते. त्यांनी वीज बंद केली नाही. कॅमेरा पलीकडच्या हद्दीत होता.

दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात परीक्षण आलं. ‘कपाटात बसलेला छायाचित्रकार म्हणजे मृत्यूच,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘तो आधी नायकाचा श्वास रोखतो, मग त्याचे शब्द हिरावतो, आणि अखेर माणूस मरणानंतर मृत्यूला जाब विचारतो, ही कल्पना अपूर्व. मृत्यूची भूमिका करणाऱ्या नटाचं पोट मात्र किंचित सुटलेलं वाटलं.’ कार्यालयात साहेबांनी ते कात्रण नळांच्या नव्हे, माझ्या फाइलला लावलं. हवामानखात्यांनी बिजागरीचा उल्लेख कुठेच नाही म्हणून संपादकांना फोन केला. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी फोटो मोठा करून आणला आणि काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवला. केस उडालेले, डोळ्यांत जाळ, तोंड उघडं, मागे झोताचा उजेड आणि पुढे आलेलं, किंचित हललेलं बोट. पूर्ण माणूस. तोंडासकट.

बाबांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. हिने मागून माझा दंड घट्ट धरला होता.

‘‘हा मी आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुम्हीच, बाबा.’’

‘‘ह्यात मी चांगलं काम करतोय.’’ ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘चहा घेणार का रे?’’

तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात दारासमोरच लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण आत पाऊल टाकताच जरा मागे सरकतो, कारण बोट थेट त्याच्यावर रोखलेलं असतं. परवा विमेवाले आले होते. त्यांनी कप हातात घेऊन फोटो न्याहाळला आणि विचारलं, ‘‘वा! काय जिवंत फोटो आहे! हा कुठला प्रसंग?’’

बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘मी मेल्यानंतरचा.’’

विमेवाल्यांनी कप खाली ठेवला.